पोटखराबा

सातबाराच्या उताऱ्यांत 'पोटखराबा' म्हणून एक नोंद असते. ज्या तुकड्यांत नांगर चालत नाहीं, बीं धरत नाहीं आणि म्हणून ज्यावर सरकारी आकारहि बसत नाहीं, त्याचें क्षेत्र या नोंदींत वेगळें काढून दाखवितात. येथें 'पोट' म्हणजे उदर नव्हे. पोटहिस्सा, पोटजात या शब्दांतलें तें पोट. तरी पण लहानपणीं हा शब्द प्रथम कानीं पडला तेव्हां जमिनीचें पोट बिघडलें आहे, तिला कांहीं पचत नाहीं, असेंच चित्र आमच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें होतें. आणि खरें सांगावयाचें तर तें अद्याप पुरतें पुसलेलें नाहीं.

मोजणीदाराशीं आमचें भांडण नाहीं. त्याला पीक मोजावयाचें असतें, आणि जेथें पीक नाहीं तेथें तो 'नाहीं' असें लिहितो; हें त्याच्या कामाला धरूनच आहे. परंतु त्याचा शब्द कागदावर राहिला नाहीं. तो तलाठ्याच्या दप्तरांतून शाळेच्या पुस्तकांत, पुस्तकांतून व्याख्यानांत आणि व्याख्यानांतून आमच्या डोळ्यांत उतरला. २००० सालीं भारत सरकारनें देशांतील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, त्यांत झुडपी माळ आणि उघडे खडक यांचीहि गणना पडीकांत झाली. साताऱ्याच्या डोंगरमाथ्यावरचे सडे आणि सांगलीच्या पूर्वेकडील माळ हे आम्हां सुशिक्षितांच्या बोलण्यांत 'कांहीं नसलेली जागा' होऊन बसले आहेत, त्याला आतां पुष्कळ दिवस झाले. या 'कांहीं नाहीं'विषयीं, आणि त्यापायीं आमच्या हातून घडलेल्या एका चांगल्या कृत्याविषयीं, आज लिहावयाचें आहे.

वसंतांत रानांत हिंडावें ही शिकवण आम्हांला काव्यांनीं दिली. प्रथम कालिदासानें दिली, पुढें इंग्रजी कवींनींहि दिली. साताऱ्याच्या सड्यावर मात्र ती घेऊन जाणारा फसतो. ठोसेघरच्या बाजूस, डोंगराच्या माथ्यावर, चाळकेवाडीचा सडा पसरलेला आहे. चैत्राच्या दुपारीं तेथें उभें राहिलें म्हणजे पायांखालीं काळवंडलेला जांभा, त्याच्या फटींतून वर आलेलें पिवळें ठिसूळ गवत, डोकीवर पवनचक्क्यांचीं पातीं आणि चोहोंकडे दऱ्यांत सांचलेलें धुरकट ऊन, एवढेंच दिसतें. सावलीला झाड नाहीं. ज्याला फुलें हवीं असतील त्यानें भाद्रपदांत यावें. आमच्या माथ्यावरचा वसंत भाद्रपदांत येतो, आणि तोहि कांहीं आठवड्यांचाच पाहुणा असतो.

त्या भाद्रपदाची कीर्ति आतां सर्वदूर झाली आहे. साताऱ्यापासून पंचवीसएक किलोमीटरवरचें कासचें पठार सुमारें दहा चौरस किलोमीटरचें. तेवढ्यांत साडेआठशेंहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद झालेली आहे. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील जीं ३९ ठिकाणें युनेस्कोच्या जागतिक वारशांत समाविष्ट झालीं त्यांत हेंहि आहे. सोनकी, तेरडा, गेंद, कवला, डबक्यांतला वायतुरा, हीं नांवें आतां शहरांतल्या मुलांनाहि ठाऊक असतात. परंतु या वैभवाचें मूळ कशांत आहे इकडे पाहुण्यांचें लक्ष क्वचित् जातें. जांभ्याच्या पाठीवर बोटभर माती, कोठें तीहि नाहीं. आणि जी आहे तिच्यांत सत्त्व नाहीं. इतकी दरिद्री माती कीं सीतेचीं आसवें आणि दवबिंदु या वनस्पतींना सूक्ष्म किडे पकडून आपली उणीव भरून काढावी लागते. मोठीं झाडें, दांडगें गवत येथें मूळ धरूं शकत नाहीं, म्हणूनच या चिमुकल्यांना जागा मिळते. कोणी दयाळू गृहस्थानें सड्यावर चांगली गाळाची माती पसरली आणि वर खत घातलें, तर थोड्याच वर्षांत तेथें चांगलें कुरण होईल आणि कास नाहींसें होईल. दारिद्र्य हेंच ज्याचें वैभव, त्याला श्रीमंत करणें म्हणजे मारणें, हा प्रकार माणसांच्या नीतिशास्त्रांत बसत नाहीं. त्यामुळें आमची बुद्धि तेथें अडखळते.

हें सर्व भाद्रपदाचें झालें. आम्ही मात्र गेलीं कांहीं वर्षें चैत्रवैशाखांतहि सड्यावर जातों, आणि तें एका सरड्याकरितां. उन्हें तापूं लागलीं म्हणजे दगडाच्या उंचवट्यावर एक वीतभरहि लांबीचा नसलेला मातकट प्राणी येऊन बसतो. दगडाहून तो वेगळा ओळखूं येत नाहीं. मग दुसरा नर किंवा एखादी मादी नजरेच्या टप्प्यांत आली कीं तो पुढच्या पायांवर उभा राहतो आणि गळ्याखालची घडी उलगडतो. निळा, काळा आणि नारिंगी अशा तीन रंगांचा तो पंखा क्षणभर फुलतो, मिटतो, पुन्हा फुलतो. सबंध राखी माळावर तेवढाच रंग असतो. आम्हीं पहिल्यानें तो पाहिला तेव्हां आपल्याला भास झाला असें वाटून चष्मा पुसला होता.

हा सरडा गुराख्यांच्या पोरांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाहिला असेल. शास्त्राच्या यादींत त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २०१६ सालीं, आणि ती चाळकेवाडीच्याच नमुन्यावरून. त्याच्या प्रजातीचें लॅटिन लिपींत लिहिलेलें नांव 'सरडा' असेंच आहे; आपला साधा मराठी शब्द अभ्यासकांनीं जसाचा तसा उचलला. जातीचें नांव 'सुपर्बा', म्हणजे दिमाखदार. ज्या जागेंत कांहीं नाहीं असें आम्ही लिहून ठेविलें होतें तेथून आमच्याच बोलींतला एक शब्द जगाच्या शास्त्रांत गेला, आणि तोहि एकविसाव्या शतकाचीं पंधरा वर्षें उलटल्यावर!

सड्यावरून पूर्वेस निघून खटाव, माण ओलांडून सांगलीच्या आटपाडी, खानापूर, जत या तालुक्यांत उतरलें म्हणजे जांभा संपतो, पाऊस आटतो आणि खरा माळ लागतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' या १९४९ च्या पुस्तकानें या मुलखांतलीं माणसें मराठी वाचकांस दाखविलीं. त्यापूर्वीं तींहि आम्हांला दिसत नव्हतींच. माळाचीं इतर बिऱ्हाडें अजून तितकीं परिचयाचीं झालेलीं नाहींत. चैत्रांत या माळावर फुलपांखरें थोडीं, परंतु अगदीं नाहींत असें नाहीं. रुईच्या झुडपापाशीं उभें राहावें. पिवळसर नारिंगी अंगाचें, पंखांच्या टोकाला काळेंपांढरें असें एक फुलपांखरूं तेथें रेंगाळतांना हटकून भेटतें. त्याची अळी रुईचीं पानें खाते, चिकाचें विष अंगांत मुरवून ठेविते, आणि त्या विषाच्या जोरावर फुलपांखरूं पुढें आयुष्यभर निर्धास्त, संथ उडतें. ज्या पक्ष्यानें एकदां चव घेतली तो दुसऱ्यांदा वाटेस जात नाहीं. घोळीच्या भाजीवर वाढणारें दुसऱ्याच एका जातीचें फुलपांखरूं आहे. त्याच्या अंगांत विष नाहीं. परंतु त्याची मादी हुबेहूब या रुईवाल्याचा वेष घेऊन हिंडते आणि दुसऱ्याच्या अब्रूवर आपला जीव वांचविते. नर बिचारा काळापांढरा, आपल्याच रूपांत राहतो. हें सोंग कळल्यापासून आम्ही प्रत्येक रुईवाल्याकडे थोड्या संशयानें पाहतों.

ओढ्याच्या काठीं आणखी एक गोष्ट पाहावयास मिळते. ज्याला इंग्रजींत 'पीकॉक पॅन्सी' म्हणतात त्या फुलपांखराच्या पंखांच्या खालच्या बाजूवर पावसाळ्यांत डोळ्यांसारखे ठिपके असतात. तेंच चैत्रांत पाहिलें तर डोळे गेलेले, रंग वाळक्या पानाचा, पंखांच्या कडाहि पानासारख्या कोनाकोनांच्या. जात तीच, हिरव्या गवतांत जन्मलेल्यांचें रूप वेगळें आणि वाळल्या गवतांत जन्मलेल्यांचें वेगळें. पंख मिटून तें पाचोळ्यांत बसलें म्हणजे दोन हातांवरूनहि दिसत नाहीं. अर्धा तास पाचोळ्याकडे पाहत बसावें आणि मग त्यांतलें एक पान उठून उडून जावें, असा अनुभव आम्हांला दोनतीनदां आलेला आहे. वाटसरू मात्र आम्हांकडे काळजीनें पाहतात. एकदां एका म्हातारीनें तांब्याभर पाणी आणून दिलें. तिला वाटलें, उन्हानें घेरी आली असावी.

या जीवांना आमच्याकडे नांवें नाहींत, ही लाजेची गोष्ट आम्हांला बरेच दिवस टोंचत होती. फुलपांखरूं, पाकोळी; संपला आमचा कोश! अलीकडे अभ्यासकांनीं एकेका जातीला मराठी नांव देण्याचा उद्योग आरंभिला आहे आणि तो स्तुत्य आहे. २०१५ सालीं महाराष्ट्रानें 'ब्लू मॉरमॉन' या थोरल्या काळ्यानिळ्या फुलपांखराला राज्य फुलपांखराचा मान दिला, तेंहि बरें झालें. परंतु माळ म्हणजे मुका मुलूख आहे असें मानूं नये. मेंढक्यांशीं दोन घटका बोलावें. पवना, मारवेल, शेडा, कुसळी हीं गवतें ते नांवानिशीं वेगळीं काढून देतात. कुसळी कोंवळी असतांना मेंढरू आवडीनें खातें आणि कुसळ धरल्यावर तीच त्याच्या तोंडांत व लोंकरींत रुतते, म्हणून कोणत्या पंधरवड्यांत कोणत्या उतारावर कळप न्यावयाचा याचें एक न लिहिलेलें पंचांग त्यांच्याजवळ असतें. वाघाटीच्या कांटेरी वेलाला आम्ही आषाढी एकादशीचा उपवास सोडतांना तेवढें ओळखतों. मेंढका तो बारा महिने ओळखतो, आणि पांढऱ्या फुलपांखरांच्या कित्येक जातीहि, कारण त्यांच्या अळ्यांचें अन्न तेंच.

आज आम्ही हें सर्व मोठ्या जाणतेपणानें लिहीत आहों. हें जाणतेपण कोठून आलें तें आतां सांगितलें पाहिजे.

वीसएक वर्षांपूर्वींची गोष्ट. आषाढाच्या आरंभीं खानापूर तालुक्यांतील एका माळावर आम्ही पन्नाससाठ मुलांना घेऊन झाडें लावावयास गेलों होतों. गिरिपुष्प, सुबाभूळ आणि थोडे करंज. खड्डे आधींच खणून ठेविले होते. मुलांनीं गाणीं म्हटलीं, गूळपोहे खाल्ले, आणि दुपारपर्यंत हजारावर रोपें लागलीं. माळाच्या कडेला एक म्हातारा मेंढका घोंगडी पांघरून उभा होता. जातां जातां आम्हीं त्याला विचारलें, "काय बाबा, कसं काय वाटतंय?" तो म्हणाला, "ब्येस हाय की. झाडं लावताय म्हंजी पुण्याचंच काम. पर गुरुजी, हितं झाड न्हवतं म्हून गवात हुतं." आम्ही हंसलों. परततांना गाडींत त्याचें बोलणें आम्हीं विनोद म्हणून दोघांतिघांना सांगितलें आणि अज्ञानामुळें खेडुत वृक्षांचा शत्रु होतो, यावर थोडें भाष्यहि केलें. तें भाष्य आठवलें कीं अजून कान गरम होतात.

करंज मेले. गिरिपुष्प आणि सुबाभूळ जगलीं, वाढलीं, फैलावलीं. सातआठ वर्षांनीं आमची पुतणी, जी प्राणिशास्त्र शिकत होती, आमच्याबरोबर तेथें आली. आम्हीं मोठ्या अभिमानानें ती हिरवी राई तिला दाखविली. ती बराच वेळ हिंडली. खालीं गवत नव्हतें, गिरिपुष्पाचा पाला तेवढा पडलेला. मेंढरांच्या वाटा मोडल्या होत्या. मग तिनें अगदीं साधेपणानें विचारलें, "काका, आधी इथं काय होतं हो?"

आम्ही म्हणालों, "कांहीं नव्हतं, माळ होता."

"हो, पण माळावर काय होतं?"

या प्रश्नाचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. चंडोल होते कीं नव्हते? माळटिटवीचीं अंडीं त्या खड्यांत असत कीं नाहीं? खोकडाचें बीळ होतें काय? कोणतें गवत होतें, त्यावर कोणतीं फुलपांखरें येत? आम्हीं त्या माळावर हजार खड्डे मोजले होते आणि माळ पाहिला नव्हता. आमच्या हातून हानि झाली असें येथें लिहावें तर तेंहि लिहितां येत नाहीं. कारण गमावलें काय तें सांगावयास आधीं असलेलें ठाऊक हवें. कदाचित् फारसें कांहीं गेलें नसेल, कदाचित् पुष्कळ गेलें असेल. अपराध घडला कीं नाहीं हें ठरविण्याचा पुरावाच आम्हीं स्वतः, आनंदानें, गाणीं म्हणत पुरून टाकला होता. आमचें हिंडणें सुरू झालें तें त्यानंतर.

येथें प्रश्न उभा राहतो तो असा: हेतु शुद्ध असतां अज्ञानानें झालेल्या कृत्याला दोष लावावा काय? व्यवहारांत आम्ही चटकन् 'नाहीं' म्हणतों. मनांत वाईट नव्हतें, झालें तर मग! जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७८५ च्या आपल्या ग्रंथांत सदिच्छा हीच एक निरपेक्ष चांगली वस्तु आहे असें प्रतिपादन केलें, तें आम्हां मध्यमवर्गीयांस फार सोयीचें पडलें आहे. परंतु त्यानेंच तेथें एक अट घातली आहे, ती आम्ही सोयीनें विसरतों: सदिच्छा म्हणजे नुसती वासना नव्हे, आपल्या हातीं असलेलीं सर्व साधनें पणास लावणें तिच्यांत अंतर्भूत आहे. डोळे हें साधन प्रत्येकाच्या हातीं असतें. तें न वापरतां केलेली सदिच्छा कांटलाहि मान्य झाली असती असें आम्हांला वाटत नाहीं.

आणि कांटपर्यंत जाण्याची गरजहि नव्हती. सांगली जिल्ह्यांत कृष्णाकांठचे कितीतरी शेतकरी जैन आहेत. त्यांच्या मुनींना पायीं विहार करतांना आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. मुनींच्या पांच समितींपैकीं पहिली ईर्यासमिति: चार हात पुढची भूमि पाहत चालावें. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रांत हिंसेची व्याख्या करतांना प्राणहरणाच्या आधीं प्रमाद हा शब्द येतो. बेसावधपणानें जें प्राणहरण घडतें ती हिंसा. द्वेषाची तेथें अट नाहीं. या विचारांतली एक गोष्ट आम्हांला फार खोल वाटते. पुढच्या चार हातांतल्या जीवांवर प्रेम करा असें तो मुनीला सांगत नाहीं; प्रेम हें कोणाच्या आज्ञेनें येत नाहीं. तो पाहावयास सांगतो, आणि पाहणें आज्ञेनें करतां येतें. झाडांवर आमचें प्रेम होतें. त्या प्रेमामुळेंच आम्हांला माळाकडे पाहण्याची आवश्यकता भासली नाहीं.

हा दोष एकट्या आमचाच असता तर तो वाचकांपुढें मांडण्याचें प्रयोजन नव्हतें. इंग्लंडांत चुनखडीच्या टेकड्यांवर आणि तशाच उन्हाळ उतारांवर आंखूड गवताचीं चराऊ रानें असतात, आणि वसंत ऋतूंत त्यांवर फुलपांखरें पाहत हिंडणें हा तेथील सुशिक्षितांचा जुना छंद आहे. 'लार्ज ब्लू' नांवाचें एक निळें फुलपांखरूं अशा रानांवर राहत असे. तें विरळ होऊं लागलें तेव्हां संग्राहकांच्या लोभावर खापर फुटलें. त्याच्या रक्षणासाठीं एके ठिकाणीं कुंपणहि घातलें गेलें. फुलपांखरूं तरीहि कमीच होत गेलें आणि १९७९ सालीं ब्रिटनमधून नाहींसें झालें. जेरेमी टॉमस नांवाच्या अभ्यासकानें त्या अखेरच्या वर्षांत रानांत बसून जें पाहिलें त्यावरून उलगडा झाला. या फुलपांखराची अळी थोडे दिवस एका रानझुडपावर वाढते, मग जमिनीवर पडते, आणि तांबड्या मुंग्या तिला आपलेंच पिल्लूं समजून वारुळांत नेतात. तेथें ती मुंग्यांचीं पिल्लें खाऊन मोठी होते. परंतु मुंगी एका विशिष्ट जातीचीच हवी, आणि त्या मुंगीला ऊन लागलेली जमीन हवी. गुरें चरेनाशीं झालीं, ससे सांथीनें मेले, गवत वाढलें, जमीन थंडावली, मुंगी गेली; तिच्या मागोमाग पाहुणाहि गेला. कुंपणानें संग्राहक बाहेर ठेविले, आणि त्यांच्याबरोबर गुरेंहि. १९८३ सालापासून स्वीडनमधून अळ्या आणून तें फुलपांखरूं पुन्हा वसविण्यांत आलें, आणि या वेळीं गुरांना मुद्दाम चरूं देण्यांत आलें. कासच्या पठारालाहि मध्यंतरीं जाळीचें कुंपण घातलें गेलें होतें. गुरांचें चरणें थांबलें तर दांडगें गवत व तेरडा माजून बारीक फुलांची जागा खातील कीं काय, हा वाद तेव्हां गांवकऱ्यांत आणि अभ्यासकांत झाला. गांवकऱ्यांना हा वाद करावयास इंग्लंडची हकीकत वाचावी लागली नाहीं.

चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचेंहि तसेंच. धूर नाहीं, राख नाहीं, वाऱ्याची वीज. यापरतें निष्पाप यंत्र कोणतें? २०१८ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं येथील निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. पवनचक्क्यांच्या परिसरांत शिकारी पक्षी इतरत्रांच्या मानानें जवळजवळ चौपट कमी आढळले. ससाणे व घारी कमी झाल्या म्हणून आमचे ते पंखेवाले सरडे संख्येनें वाढले, माणसाला भिईनासे झाले, आणि गर्दींत अन्न पुरेना म्हणून अंगानें रोडावले. म्हणजे चैत्रांत आम्हांला दोन हातांवर बसून पंखा दाखविणारा तो नर आमच्यावर प्रसन्न झालेला नव्हता; त्याच्या डोक्यावरचें आकाश रिकामें झालें होतें. हें वाचल्यापासून आमच्या त्या आनंदांत एक खडा आला आहे. तरी आम्ही जातोंच.

याचा अर्थ पवनचक्क्या पाडाव्या किंवा झाडें लावूं नयेत असा कोणी काढला तर तो आमच्या मतें उतावीळपणा होईल. सांगली जिल्ह्यांतच सागरेश्वरचें उदाहरण आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासांतून उघड्या डोंगरावर रान उभें राहिलें, आणि १९८५ सालीं सुमारें अकरा चौरस किलोमीटरचें तें अभयारण्य झालें. आज तेथें सांबर आणि चितळ आहेत. कुंपणाबाहेरच्या शेतकऱ्याला हरणांचा जाचहि आहे. त्या कामाला आम्ही मनापासून नमस्कार करतों. एका डोंगराशीं जन्म जोडणें ही गोष्ट वेगळी आणि एका दुपारीं हजार खड्डे भरून गूळपोहे खाऊन परतणें ही वेगळी, एवढेंच आम्ही म्हणूं.

याहून अवघड आक्षेप आमच्या एका आटपाडीकडील स्नेह्यांचा आहे. ते शेतकरी आहेत. दुष्काळांत त्यांनीं छावणीवर गुरें बांधलेलीं आहेत. त्यांच्या गांवानें माळाच्या उतारावर समतल चर खणले तेव्हां आम्हीं भीत भीत आमची चिंता त्यांना बोलून दाखविली. ते म्हणाले, "तुमचं खरं आसंल. पर फुलपाखरं मोजून हिरीला पाणी येतं का?" येत नाहीं. यावर आमच्याजवळ चतुर उत्तर नाहीं, आणि असतें तरी तें त्यांच्या कोरड्या विहिरीच्या कांठावर उभें राहून देण्याचें धैर्य आम्हांला झालें नसतें. गरजेपोटीं घडणारी हानि ही एक निराळी जात आहे. गरजवंताला काय मोडत आहे हें ठाऊक असतें. आमच्या स्नेह्यांना तो उतार पावलापावलानें माहीत होता, कोठें मारवेल चांगली येते आणि चर तेथें नको, हें त्यांनींच गांवाला सांगितलें होतें. आमची गोष्ट तशी नव्हती. आम्हांला त्या माळापासून कांहींच नको होतें. त्याचें भलें तेवढें करावयाचें होतें.

राहतां राहिला उपयोगाचा मुद्दा. माळ वांचवावा तो त्याच्या उपयोगासाठीं, असें हल्लीं पुष्कळ सांगतात: परागीभवन, चारा, मातींत मुरणारें पाणी. हें सर्व खरें आहे, आणि सभेंत बोलतांना आम्हीहि तेंच बोलतों, कारण सभेला दुसरें पटत नाहीं. परंतु मनांतून आम्हांला हें मोजणीदाराच्याच रकान्याचें पुढचें पान वाटतें. उद्यां हिशेब उलटा निघाला तर? सांगलीच्या माळावरच्या एखाद्या निळ्या ठिपक्याएवढ्या फुलपांखराचा कोणास कांहीं उपयोग नाहीं असें सिद्ध झालें, तर तें पुन्हा पोटखराब्यांत जाणार काय? माळढोकाचें तसेंच झालें. दख्खनच्या माळांवरचा हा थोर पक्षी. त्याच्यासाठीं १९७९ सालीं सोलापूरजवळ नान्नजचें अभयारण्य झालें, आणि आज महाराष्ट्रांत तो दिसला तर वर्तमानपत्रांत बातमी येते. त्याचा उपयोग काय, हें त्याच्या हयातींत कोणीं विचारलें नाहीं आणि आतां विचारण्यांत अर्थ नाहीं. कर्नल साइक्स यानें १८३२ सालीं दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली, तींत माळावरच्या एका लहानशा शेंडीवाल्या चंडोलाचें वर्णन आहे. परक्या राज्याचा तो अधिकारी. आंकडे गोळा करणें हें त्याचें कामच होतें. तरीहि त्यानें त्या मातकट पाखरासाठीं एक ओळ खर्च केली. आमच्या हजार रोपांच्या अहवालांत तेवढीहि नव्हती.

गेल्या फाल्गुनांत एका संस्थेचे कार्यकर्ते आमच्याकडे आले होते. जतच्या बाजूस एक माळ त्यांना मिळाला आहे. आषाढांत पांच हजार झाडें लावावयाचीं आहेत, मुलें येतील, आपणहि यावें. मंडळी सालस, तळमळीची. वीस वर्षांपूर्वींचे आम्हीच जणूं समोर बसलों होतों. आम्हीं त्यांना म्हटलें, "अवश्य येऊं, पण आधीं एक वर्षभर आपण त्या माळावर नुसते जाऊं या. चैत्रांत जाऊं, मृगांत जाऊं, भाद्रपदांत जाऊं, मेंढके येतात तेव्हां जाऊं. मग कोठें किती लावायचीं तें ठरवूं." त्यांनीं एकमेकांकडे पाहिलें. त्यांतले वडीलधारे गृहस्थ अदबीनें म्हणाले कीं कल्पना उत्तम आहे, परंतु निधि याच वर्षाचा आहे आणि खड्डे ज्येष्ठापूर्वीं खणून व्हावे लागतात.

त्यांचें म्हणणें खरें होतें. चहा घेऊन ते गेले. दुसऱ्या रविवारीं आम्ही पुतणीला बरोबर घेऊन तो माळ पाहून आलों. खड्ड्यांच्या जागा दाखविण्यासाठीं चुन्याच्या फक्कीच्या खुणा पडलेल्या होत्या. त्यांतल्या दोन खुणांच्या मध्यें, उघड्या खड्यांत, माळटिटवीचीं चार अंडीं होतीं, खड्यांच्याच रंगाचीं. पुतणीनें वहींत तारीख घातली आणि चार असा आंकडा लिहिला.